‘मी’ न म्हणणारा नायक

मराठी विभागांच्या चर्चासत्रांत संगणकीय खेळांचा उल्लेख दोनच जागी येतो. एक, वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाची कारणे मोजताना, दूरचित्रवाणीच्या नंतर आणि मोबाइलच्या आधी. आणि दुसरे, ‘आजची पिढी’ या विषयावरच्या बीजभाषणात. दोन्ही ठिकाणी वक्त्याने आयुष्यात एकही खेळ खेळलेला नसतो आणि हे तो कबुली म्हणून नव्हे, प्रमाणपत्र म्हणून सांगतो. न वाचलेल्या कादंबरीवर कोणी असा बोलला असता तर आपण त्याला गप्प केले असते. न पाहिलेल्या नाटकाचे परीक्षण कोणताही संपादक छापणार नाही. खेळांच्या बाबतीत मात्र अज्ञान हीच अधिकाराची खूण ठरून बसली आहे. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला तेव्हा पैसे लावून खेळायचे खेळ आणि इतर खेळ यांत भेद करणे कायदा करणाऱ्यांनाही आवश्यक वाटले. आमच्या परिसंवादांना तेवढीही गरज वाटलेली नाही.

प्रस्तुत लेख ‘हाफ-लाइफ’ या विज्ञानकाल्पनिक नेमबाजीच्या खेळमालिकेविषयी आहे. हा स्मरणरंजनाचा लेख नव्हे. आमच्या एम.ए.च्या दिवसांत भंडाऱ्याच्या सायबर कॅफेत चार-सहा संगणक एकमेकांना जोडून मुले जो ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत, तो याच ‘हाफ-लाइफ’च्या अंगावर उगवलेला खेळ होता आणि भारनियमनाची वेळ झाली की बॅटरीच्या शिट्टीबरोबर सगळे युद्ध संपत असे, हे सारे सांगण्यासारखे असले तरी ते इथे गौण आहे. मुद्दा निराळा आहे. ‘प्रथमपुरुषी निवेदन’ ही जी संज्ञा आपण वर्षानुवर्षे वर्गात लिहून देतो, तिला गेल्या पंचवीस वर्षांत एवढा जोराचा धक्का कोणत्याही कादंबरीने दिलेला नाही जेवढा या मालिकेने दिला आहे. आणि त्या धक्क्याची दखल घेण्याची गरज अमेरिकेपेक्षा आपल्यालाच अधिक होती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. पहिला ‘हाफ-लाइफ’ नोव्हेंबर १९९८ मध्ये व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने काढला. त्याचे कथानक लिहिण्यासाठी कंपनीने मार्क लेडलॉ या कादंबरीकाराला नोकरीवर घेतले होते, ही गोष्ट त्या काळच्या नेमबाजीच्या खेळांत नवलाचीच होती. नायक गॉर्डन फ्रीमन हा सत्तावीस वर्षांचा सैद्धांतिक भौतिकीतला डॉक्टरेट. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या ‘ब्लॅक मेसा’ नावाच्या भूमिगत संशोधन केंद्रात नोकरीला. एका प्रयोगात अपघात होतो, दुसऱ्या जगाचे दार उघडते, तिथले जीव इकडे येतात. पाठोपाठ लष्कर येते, आणि ते वाचवायला आलेले नसून साक्षीदार संपवायला आलेले असते. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला, २००६ आणि २००७ मध्ये त्याचे दोन पुरवणी-खंड, आणि तेरा वर्षांच्या मौनानंतर मार्च २०२० मध्ये ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’. नावाचा अर्थ आपल्या शाळेच्या पुस्तकातला ‘अर्धायुष्य’ : किरणोत्सारी पदार्थातली निम्मी अणुकेंद्रके फुटायला लागणारा काळ. नायकाच्या छातीवर असते ते लॅम्डा हे ग्रीक अक्षर त्याच ऱ्हासाच्या स्थिरांकाचे चिन्ह आहे.

आता खेळाच्या सुरुवातीकडे पाहू. इतर खेळांत पहिल्या मिनिटाला हातात बंदूक येते. इथे आपण एका डब्यात उभे असतो, डबा रुळावरून जमिनीखाली सरकत राहतो आणि कित्येक मिनिटे आपल्याला काहीही करता येत नाही, फक्त मान वळवून पाहता येते. ध्वनिक्षेपकावर एक निर्विकार आवाज तापमान, नियम, रिकाम्या जागांच्या जाहिराती सांगत असतो. बाहेर यंत्रे कामे करताहेत, कुठे सांडपाणी वाहते आहे, एक पहारेकरी बंद दारावर थापा मारतो आहे. एक माणूस उशिरा कामावर चालला आहे, एवढेच काय ते कथानक. ‘बनगरवाडी’चा आरंभ आपण दरवर्षी शिकवतो. नेमणुकीचा कागद घेऊन निघालेला कोवळा मास्तर माळ तुडवत वाडीकडे जातो आणि त्याच्या चालण्यातूनच ती वाडी आपल्यासमोर उभी राहते. स्थळ आधी, घटना मागाहून. आणि पाहणारा माणूस नवखा, नोकरदार, स्वतःविषयी कमी बोलणारा. ही रीत ज्याला कळते त्याला या डब्यातल्या प्रवासाचे मर्म सांगावे लागू नये. फरक एकच आहे, आणि तो मूलभूत आहे. मास्तर ‘मी’ म्हणतो. फ्रीमन म्हणत नाही.

तो संपूर्ण मालिकेत एक शब्दही बोलत नाही. त्याचे मनोगत नाही, रोजनिशी नाही, स्वगत नाही. ज्या डोळ्यांतून आपण पाहतो ते त्याचे डोळे आहेत आणि कॅमेरा कधीही त्या डोळ्यांतून बाहेर निघून त्याचा चेहरा दाखवत नाही. कथा सांगण्यासाठी खेळ थांबवून मध्येच चित्रफीत दाखवण्याची सोयही लेखकांनी नाकारली. इंग्रजीत या प्रकाराला प्रथमपुरुषी नेमबाजी म्हणतात. आम्ही वर्गात शिकवतो ती व्याख्या लावली, म्हणजे ‘कथेतील पात्र मी या सर्वनामाने कथन करते’, तर इथे प्रथमपुरुष औषधालाही सापडत नाही. मग आहे काय? नीट ऐकले तर कळते की या जगात जो बोलतो तो फ्रीमनला उद्देशून बोलतो. वरिष्ठ शास्त्रज्ञ त्याला सूचना देतात, पहारेकरी त्याला उशिराबद्दल टोकतात, जखमी त्याच्याकडे मदत मागतात, सैनिक त्याच्यावर ओरडतात, पडद्यावरचा हुकूमशहा त्याला दूषणे देतो. ही प्रथमपुरुषी कथा नव्हेच. सबंध जगाने एका गप्प माणसाला उद्देशून सांगितलेली ती द्वितीयपुरुषी कथा आहे. दृष्टी पहिल्या पुरुषाची, वाणी दुसऱ्याला उद्देशून. आपल्या कथनमीमांसेत ‘कोण पाहतो’ आणि ‘कोण बोलतो’ असे दोन प्रश्न वेगळे केले जातात, पण ‘कोणाला बोलले जाते’ हा तिसरा प्रश्न आपण श्रोता-पात्राच्या एका परिच्छेदात उरकून टाकतो. ‘हाफ-लाइफ’ त्या तिसऱ्या प्रश्नावर उभी आहे.

आणि इथे मराठीचा संबंध येतो. इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठीत संबोधन केल्याबरोबर उतरंड उघडी पडते: तू, तुम्ही, आपण. हा खेळ मनातल्या मनात मराठीत आणून पाहावा. सहकारी शास्त्रज्ञ फ्रीमनला ‘अरे गॉर्डन’ म्हणतील, दारावरचा पहारेकरी ‘साहेब, आज उशीर केलात’ म्हणेल, बंदूक रोखणारा सैनिक ‘तू’ म्हणेल. आणि मालिकेत जागोजागी कोपऱ्यात उभा राहून पाहणारा, निळसर सुटातला, हातात ब्रीफकेस असलेला तो अनाम मनुष्य, ज्याला खेळाडू ‘जी-मॅन’ म्हणतात, तो? तो निःसंशय ‘आपण’ म्हणेल. त्याची शब्दफेक चमत्कारिक आहे. नको तिथे थांबतो, नको त्या अक्षरावर जोर देतो. पण सौजन्य कधीही सोडत नाही. पहिल्या खेळाच्या शेवटी तो फ्रीमनपुढे नोकरीचा प्रस्ताव ठेवतो. प्रस्ताव नाकारण्याची मुभा आहे. नाकारला तर निःशस्त्र अवस्थेत मरणाच्या तोंडी धाडले जाते. प्रस्ताव कोणाच्या वतीने आहे ते तो सांगत नाही. आपले ‘मालक’ आहेत एवढेच सांगतो.

जी. ए. कुलकर्णींच्या वाचकाला हा मनुष्य अनोळखी वाटू नये. ‘रमलखुणा’तल्या दोन दीर्घकथांत प्रवासी माणसाच्या वाटेत जी अनाकलनीय सत्ता उभी राहते तिच्या कुळातलाच हा आहे. पण जी.एं.ची नियती आदिम आहे, तिला दगडाचा आणि वाळूचा वास आहे. जी-मॅनची नियती कार्यालयीन आहे. तिची भाषा आपण रोज वाचतो: ‘आपणास याद्वारे कळविण्यात येते की’. या वाक्याचे व्याकरण कोणी वर्गात उलगडून दाखवले आहे काय? ‘आपण’ आहे, कळवणे आहे, कळवणारा नाही. कर्ता गाळलेला आहे, आणि तो गाळला आहे म्हणूनच वाक्याला वजन आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या गावांना वर्षानुवर्षे याच प्रयोगातली पत्रे येत राहिली. पवनी तालुक्यातल्या एखाद्या वृद्धाने अशा पत्राला उत्तर द्यायचे म्हटले तर कोणाला उद्देशून द्यावे? द्वितीयपुरुष म्हणून जगणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला कोणत्याही अमेरिकन खेळाने शिकवण्याची गरज नव्हती. पण त्या जगण्याचा कथनाच्या पातळीवरचा आकार काय असू शकतो, हे दाखवायला मात्र एक अमेरिकन खेळच पुढे आला. आपल्या विस्थापनविषयक कथा-कादंबऱ्या बहुधा धरणग्रस्ताला ‘मी’ देऊन टाकतात, त्याच्या तोंडी ओजस्वी भाषण घालतात. सहानुभूती खरी असते. आकार खोटा पडतो. ज्याला बोलायची जागाच नाही त्याला बोलके केले की त्याची अडचण नाहीशी होते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की विज्ञानकथा मराठीतही आहे, सकस आहे, तिच्याकडे न पाहता परदेशी खेळाची आरती कशाला. आक्षेप वाजवी आहे. म्हणून थोडे थांबून पाहू. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, आणि तिथून मराठी विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा मिळू लागली ती २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदापर्यंत पोचली. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी ही वाट रुंद केली. या लेखकांचे ऋण मान्य करूनच म्हणायचे आहे की या परंपरेतला शास्त्रज्ञ हा बहुतांशी समजावून सांगणारा मनुष्य आहे. संकट येते, तो विचार करतो, कोणाला तरी (पत्रकाराला, मंत्र्याला, पुतण्याला) उलगडून सांगतो, आणि वाचक शहाणा होतो. या आकारामागे विज्ञानप्रसाराची प्रामाणिक कळकळ आहे. दोष लेखकांचा नाही. दोष समीक्षेचा आहे. तिने पन्नास वर्षे विज्ञानकथेला एकच प्रश्न विचारला: यात विज्ञान किती आणि साहित्य किती? जणू दुधात पाणी मोजायचे आहे. या शास्त्रज्ञाला पगार कोण देतो, त्याला प्रयोग करायला कोणी सांगितले, नको म्हणण्याची सोय होती काय, हे प्रश्न तिने क्वचितच विचारले.

फ्रीमनचे पाहा. डॉक्टरेट झालेला हा भौतिकीतज्ज्ञ मालिकेतले एकमेव वैज्ञानिक कार्य कोणते करतो? एक गाडा ढकलतो. वरच्या काचेआडून वरिष्ठ सांगतात, यंत्र आज नेहमीच्या मर्यादेच्या वर, एकशे पाच टक्क्यांवर चालवले आहे; नमुना वरून, प्रशासकाच्या आग्रहावरून आला आहे; काही होणार नाही; ढकल. तो ढकलतो. खेळणाऱ्यालाही दुसरे काही करता येत नाही. न ढकलता तासभर उभे राहिले तर तासभर काहीच घडत नाही. अनर्थ होण्यासाठी तुमचा हात लागतो आणि तो हात तुमचा असूनही निर्णय तुमचा नसतो. विज्ञानातल्या श्रमविभागणीवर, ज्ञान आणि हुकूम यांच्या नात्यावर एवढे नेमके भाष्य करणारा प्रवेश मराठी विज्ञानकथेत मला तरी आठवत नाही. आणि या प्रवेशात एकही व्याख्यान नाही. (त्याच्या थोडे आधी, विश्रांतिकक्षात एका सहकाऱ्याचा डबा मायक्रोवेव्हमध्ये जादा तापवून फोडता येतो. खेळणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने केलेले हे जवळजवळ पहिले कृत्य. पुढे कितीतरी गोष्टी घडतात, पण मर्जीचा परीघ साधारण तेवढाच राहतो.)

मालिकेची खरी वाङ्मयीन करामत तिच्या पुरवण्यांत आहे आणि तिच्याविषयी खेळाडूही कमी बोलतात. १९९९ मध्ये ‘अपोझिंग फोर्स’ आला: तोच अपघात, पण डोळे साक्षीदार संपवायला पाठवलेल्या सैनिकाचे. २००१ मध्ये ‘ब्लू शिफ्ट’ आला: तोच दिवस, डोळे एका पहारेकऱ्याचे. १९९८ च्या खेळात डब्यातून जाताना जो पहारेकरी बंद दारावर थापा मारताना ओझरता दिसला होता, तो हाच. तीन वर्षांनी आपण त्याच्या जागी उभे राहून त्याच दारावर थापा मारतो आणि मागून सरकत जाणाऱ्या डब्यात फ्रीमन दिसतो. पहिल्या कथेचा नायक इथे काचेमागचा एक उतारू झालेला असतो, ओळख ना पाळख. एकाच घटनेकडे अनेकांच्या नजरेने पाहणारी कथा आपल्याला नवी नाही. पण तिथे प्रत्येक जण आपली बाजू मांडतो, वाद घालतो. इथे कोणीच बाजू मांडत नाही. फक्त कोण कुठे उभा होता, आणि कोणत्या दाराची किल्ली कोणाजवळ नव्हती, एवढेच कळते.

भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तोफगोळ्यांसाठी लागणारी प्रणोदके आणि स्फोटके तिथे तयार होतात. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी तिथे स्फोट झाला, छत कोसळले, आठ कामगार दगावले. आवाज आसपासच्या गावांत ऐकू गेला. मी कारखान्याची आणि खेळातल्या केंद्राची तुलना करीत नाही. एकीकडे माणसे मेली आहेत आणि दुसरीकडे चित्रे. तुलना आहे ती आपल्याला उपलब्ध असलेल्या कथनाकारांची. भिंतीच्या बाहेरच्या माणसासाठी अशी घटना म्हणजे एक आवाज, नंतर मोटारींची रांग, नंतर आकडा. भिंतीच्या आत कोण कुठल्या पाळीत होता, दारावर कोण होता, कोणी कोणाला काय करायला सांगितले, हे गोपनीयतेच्या नियमामुळे कोणी लिहिणार नाही, आणि लिहू नये असेही असेल. पण कल्पित कथेला तर कोणी अडवलेले नाही? या जिल्ह्यातली कित्येक घरे त्या पाळ्यांच्या घड्याळावर चालत आली आहेत. तरी फाटकावरचा पहारेकरी, मिश्रण करणारा कामगार, आदेशावर सही करणारा रसायनशास्त्राचा पदवीधर यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यांतून लिहिलेली कादंबरी कोणी आम्हाला अभ्यासक्रमासाठी सुचवलेली नाही. झाडीबोलीतल्या साहित्याने शेत, जंगल, तळे, दंडार हे सारे जिव्हाळ्याने जपले. निर्माणीचे फाटक त्यात शिरायचे राहून गेले आहे.

झाडीपट्टीचा विषय निघाला म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. वडशाच्या नाटक मंडळ्या हंगामात रोज रात्री नव्या गावी प्रयोग करतात. तालमीला सवड थोडी, म्हणून प्रॉम्प्टरचे महत्त्व फार. रात्रभर तो सांगतो आणि पात्रे बोलतात. आता असे नाटक कल्पावे की ज्यात सगळी पात्रे मिळून एकाच नटाला प्रॉम्प्ट करताहेत आणि तो नट काही केल्या बोलत नाही, फक्त सांगितलेल्या दिशेला चालतो. झाडीपट्टीचा प्रेक्षक पाच मिनिटांत ओरडेल, ‘बोल ना रे!’ हा ओरडा म्हणजे फ्रीमनवरची सर्वांत चोख समीक्षा होय, आणि ती आमच्या संशोधनपत्रिकांत येण्याची शक्यता मला कमी वाटते.

‘हाफ-लाइफ २’ने हा आकार राजकीय केला. फ्रीमनला जी-मॅन कपाटातल्या फायलीसारखा वर्षानुवर्षे ठेवून देतो आणि गरज पडताच बाहेर काढतो. तो आगगाडीतून ‘सिटी १७’ नावाच्या शहरात उतरतो. परग्रहीय साम्राज्याने सात तासांच्या युद्धात पृथ्वी जिंकली आहे, आणि मानवजातीच्या वतीने शरणागती पत्करून कारभार पाहतो आहे ब्लॅक मेसाचाच जुना प्रशासक, डॉ. ब्रीन. तो क्रूर नाही, सुशिक्षित आहे. चौकाचौकातल्या पडद्यावरून तो एका नागरिकाचे पत्र वाचून दाखवतो आणि माणसांना मुले का होऊ दिली जात नाहीत हे अत्यंत समंजस स्वरात पटवून देतो. त्याच स्थानकात एक शिपाई शीतपेयाचा रिकामा डबा मुद्दाम खाली पाडतो आणि फ्रीमनला तो उचलून कचरापेटीत टाकायला सांगतो. उचलला तर वाट मोकळी. त्याच्या अंगावर फेकला तर मार. दहा-पंधरा सेकंदांचा प्रसंग आहे. सत्ता म्हणजे काय यावर आपण फुकोची नावे घेत तासिका घेतो आणि मुले जांभया देतात. हा डबा ज्याने उचलला आहे, किंवा उचललेला नाही, त्याला जांभई आली असेल असे वाटत नाही.

याहून गंभीर गोष्ट व्हॉर्टिगॉन्ट या जमातीची. पहिल्या खेळात हे परजीव शत्रू म्हणून समोर येतात आणि आपण त्यांना शेकड्याने मारतो. त्यांच्या गळ्यात आणि मनगटांवर हिरवी कडी असतात, ती आपण अलंकार समजून सोडून देतो. दुसऱ्या खेळात कळते की त्या बेड्या होत्या. ते गुलाम होते, हुकुमाने लढत होते. आता मुक्त झालेले तेच जीव माणसांच्या बाजूने उभे आहेत आणि फ्रीमनला त्याच्या आडनावाची फोड करून ‘मुक्त मनुष्य’ म्हणतात. उपरोध दुहेरी आहे. ज्याला एकही निर्णय स्वतः घेता आलेला नाही त्याला मुक्त म्हटले जाते, आणि म्हणणारे कोण, तर ज्यांच्या भावंडांना त्याने मारले ते. पहिली साहित्यकृती दुसरीच्या उजेडात पुन्हा वाचावी लागणे, आणि त्या फेरवाचनात वाचकाच्या स्वतःच्या हाताला रक्त लागलेले दिसणे, याला आपण एरवी फार मोठा शब्द वापरतो. इथे वापरायला का कचरतो?

‘हिंसा’ हा शब्द येईलच. येऊ द्या. हा खेळ हिंसक आहे, आणि त्याची खरी मर्यादाही तिथेच आहे. फक्त ती पालकसभेत सांगतात ती नव्हे. मर्यादा ही की ज्या गप्प माणसाला सारे जग आज्ञा देते त्याच्या हाती लेखकांनी उत्तरादाखल फक्त शस्त्र दिले. तो बोलू शकत नाही, नाकारू शकत नाही, पळून जाऊ शकत नाही, रडू शकत नाही. लोखंडी पहार चालवू शकतो. एवढा विचारपूर्वक रचलेला द्वितीयपुरुष शेवटी बंदुकीच्या नळीशी येऊन थांबतो. ब्रीन शेवटी नेमके हेच त्याच्या तोंडावर फेकतो: तू मोडण्यापलीकडे काय केलेस? नायक गप्प असल्यामुळे उत्तर मिळत नाही, आणि लेखकांकडे ते होते असेही वाटत नाही. हा दोष दाखवणारी मराठी समीक्षा मला हवी आहे. परंतु तिच्यासाठी आधी खेळ खेळावा लागेल.

पुढचा प्रवास उतरता आहे. २००७ चा खंड एका पित्याच्या मृत्यूवर, ऐन रडण्याच्या मध्यात तुटतो. तिसरा खंड आलाच नाही. लेडलॉ २०१६ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर पात्रांची नावे बदलून एक पत्र प्रसिद्ध केले. ते न झालेल्या खंडाचे कथानक आहे हे कोणालाही ओळखता येत होते. गंमत अशी की ते पत्र प्रथमपुरुषात आहे. जो कधी बोलला नाही तो अखेर ‘मी’ म्हणाला, पण खेळाच्या बाहेर, उसन्या नावाने. २०२० च्या ‘ॲलिक्स’मध्ये नायिका बोलते, हसते, भिते, कथा अधिक उबदार होते, डोळ्यांवर उपकरण चढवून तो खेळावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकल्यावर आमच्याकडचा विद्यार्थीही हसतो, ते सोडा. ॲलिक्सचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच आहे. पण तिला आवाज मिळताच ती प्रश्नांना उत्तरे देऊ लागली, आणि सगळ्या जगाने एका मुक्याला उद्देशून बोलण्याचा तो विलक्षण ताण सैल झाला. पुष्कळांना हा विकास वाटतो. मला तो समेट वाटतो.

राहिला अभ्यासक्रमाचा प्रश्न. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून विभागाविभागांत प्राकृत, शिलालेख, ताम्रपट यांवर व्याख्याने होत आहेत, व्हायलाच हवीत. त्याच विभागांपैकी एकात मागे एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी ‘संगणकीय खेळांतील निवेदन’ हा विषय दिला होता. विषय ‘मराठी नाही’ म्हणून परत आला. तिचे म्हणणे साधे होते: खेळ इंग्रजी असेल, पण मी तो मराठीत खेळते, मला जे सांगितले जाते ते मी मराठीत ऐकते, आणि त्या माणसाने मला तू म्हटले की आपण म्हटले हे मलाच ठरवावे लागते. परत आलेल्या अर्जावर शेरा होता: ‘विषय बदलून देण्याचे कळविण्यात यावे.’ तिने बदलून दिला. नवा विषय आहे ‘ग्रामीण कथेतील निसर्गचित्रण’.